मान कोण देतो?

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि मित्रहो,

पौष लागला की आपल्या सीमाभागात पत्रिकांचा हंगाम सुरू होतो आणि तो वैशाखातल्या यात्रांपर्यंत चालतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी या गावांची साहित्य संमेलने, शाळांचे सुवर्णमहोत्सव, पतसंस्थांच्या नव्या शाखा, मंदिरांचे कळसारोहण आणि मग लक्ष्मीयात्रा. या पत्रिका मी जपून ठेवतो. त्या वाचण्याची माझी पद्धत थोडी उलटी आहे, कारण कार्यक्रम काय आहे हे मी शेवटी पाहतो आणि नावे आधी वाचतो. कोणाचे नाव जाड ठशात आहे, कोणाच्या नावामागे ‘डॉ.’ आहे, कोणाच्या नावापुढे ‘माजी तालुका पंचायत सदस्य’ आहे, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते आहे, शिवरायांच्या, ज्ञानोबांच्या, सावित्रीबाईंच्या प्रतिमांचे पूजन कोणाकोणाच्या हस्ते आहे, हे सगळे मी बारकाईने पाहतो. जितक्या प्रतिमा तितकी नावे, हा नियम आपण सर्वांना ठाऊक आहे. एका गावात नावे उरली म्हणून ऐन वेळी दोन प्रतिमा वाढवल्याचे मी स्वतः पाहिले आहे. तुम्ही हसलात, पण पत्रिका काढणाऱ्यांची अडचण खरी असते. एक नाव राहिले, तर एक गल्ली वर्गणीसाठी दार उघडत नाही.

मला आज जे मांडायचे आहे ते असे. पदवी, पद, किताब, पुरस्कार या गोष्टी माणसाला वरून मिळतात आणि बहुधा एकदाच मिळतात. मान मात्र बरोबरीच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या माणसांकडून मिळतो आणि तो रोज नव्याने मिळवावा लागतो. ज्याच्याकडून आपल्याला काहीही मिळण्यासारखे नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावर तो ठरतो. असे असूनही आपली सगळी सार्वजनिक व्यवस्था, म्हणजे पत्रिका, व्यासपीठ, सत्कार, आभारप्रदर्शन, पहिल्या गोष्टीभोवती उभी आहे आणि दुसऱ्या गोष्टीसाठी तिच्यात एक ओळही नाही. हे का झाले आणि त्याचे काय करावे, हा माझा विषय आहे.

आधी कायद्याचे पाहू, कारण कायद्याने या बाबतीत जे केले आहे ते आपण विसरून गेलो आहोत. इंग्रजी अमलात रावसाहेब, रावबहादूर, सर असे किताब होते आणि त्यांची एक चढती शिडी होती. १९२० साली असहकाराचा कार्यक्रम आला, तेव्हा सरकारी किताब परत करणे हे त्यातले एक ठळक कलम होते, आणि गांधीजींनी स्वतः कैसर-ए-हिंद पदक परत केले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताबच नष्ट केले. सेनाविषयक आणि विद्याविषयक मानविशेष सोडले, तर राज्यसंस्था कोणालाही कोणताही किताब देणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. १९५४ साली भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले, १९७७ साली जनता सरकारने ते थांबवले, १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९९५ मध्ये बालाजी राघवन प्रकरणात न्यायालयाने सांगितले, की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत आणि म्हणूनच ते नावाच्या मागे किंवा पुढे लावता येणार नाहीत. तरीही आपल्या पत्रिकांत ‘पद्मश्री अमुक’ असे सर्रास छापले जाते. ज्यांचे नाव छापलेले असते त्यांची त्यात बहुधा काही चूक नसते. आपल्यालाच ते छापल्यावाचून करमत नाही.

आपल्या गावांपुरते बोलायचे, तर परगण्याची आणि कुलकर्णी वतने मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने काढून घेतली, आणि राज्यपुनर्रचनेनंतर म्हैसूर राज्याने १९६१ साली कायदा करून गावची वंशपरंपरागत पदे रद्द केली. म्हणजे पाटीलकी हे पद जाऊन साठ वर्षे उलटली. आडनाव राहिले, वाडा राहिला, यात्रेतला पहिल्या ओटीचा हक्क राहिला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण हक्कदार हा आपल्या यात्रांचा कणा आहे. सुतार, लोहार, गुरव, परीट, प्रत्येकाचा त्यात वाटा आहे आणि तो वाटा कामाशी जोडलेला आहे. माझी तक्रार नव्याने तयार झालेल्या हक्कदारांबद्दल आहे, ज्यांचा वाटा कोणत्याच कामाशी जोडलेला नाही.

हे मी एका गावच्या हकिकतीवरून सांगतो. गाव बेळगाव तालुक्यातले आहे, नाव सांगत नाही, कारण सभागृहात तिथली मंडळी असू शकतील. माझ्या थोरल्या बहिणीचे ते सासर. बऱ्याच वर्षांनी तिथे लक्ष्मीयात्रा भरायची होती आणि मराठीचा प्राध्यापक म्हणून पत्रिकेची मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आले. शुद्धलेखन तपासायचे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला अनुक्रम तपासायचा होता. मारुतीच्या देवळात कमिटीची बैठक बसली आणि रात्री उशिरापर्यंत चालली. ग्रामपंचायतीचे अध्यक्ष आधी की माजी अध्यक्ष आधी, सोसायटीचे चेअरमन कोणत्या रकान्यात, मुंबईला असलेल्या उद्योजकांचे नाव देणगीदारांत की मान्यवरांत, यावर माणसे अक्षरशः हातघाईवर आली. तेवढ्यात एका गृहस्थांनी आपल्या नावामागे ‘डॉ.’ हवे असे सांगितले. दूरच्या एका शहरात, हॉटेलच्या सभागृहात झालेल्या समारंभात त्यांना मानद डॉक्टरेट मिळाली होती आणि तिचे चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र त्यांनी बैठकीला बरोबर आणले होते.

या प्रकाराबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण तो आता गावोगावी पोहोचला आहे. पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात सांगितलेले आहे. कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत संस्था, किंवा संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच तो आहे. बाकी कोणी पदवी दिली तर तो गुन्हा आहे आणि त्याला दंड आहे एक हजार रुपयांपर्यंत. १९५६ साली एक हजार ही जरब बसेल अशी रक्कम होती. आज तेवढ्यात त्या समारंभाचे हारसुद्धा येत नाहीत.

पण मला त्या गृहस्थांबद्दल बोलायचे आहे, आणि आदराने बोलायचे आहे. त्यांची वीटभट्टी होती. गावच्या मराठी शाळेची मागची भिंत पावसाळ्यात कोसळली, तेव्हा त्यांनी कोणी न विचारता दोन ट्रॅक्टर विटा शाळेच्या अंगणात आणून टाकल्या होत्या आणि गवंड्याची मजुरीही दिली होती. भट्टीवर कामाला येणाऱ्या बाहेरगावच्या मजुरांची मुले ते स्वतः शाळेत नेऊन बसवत. गाव त्यांना मानत होते ते यासाठी. आणि यातले काहीही पत्रिकेत येणार नव्हते, त्यांनाही ते यावे असे वाटत नव्हते. त्यांना हवी होती ती दीड अक्षराची ‘डॉ.’ ही खूण. त्या रात्री मला त्यांचे फार वाईट वाटले. इतके खरे कमावलेल्या माणसाला ते कमावलेले आहे हे दिसू नये आणि खोट्या कागदाची चौकट छातीशी धरून बसावेसे वाटावे, हे आपण सगळ्यांनी मिळून घडवून आणलेले आहे. व्यासपीठावर बोलावताना आपण त्यांना कधी विटांबद्दल विचारले नव्हते, पदाबद्दलच विचारले होते.

आता हकिकतीचा दुसरा भाग. यात्रेचा दिवस जवळ आला तसा रथाच्या मार्गावरून वाद पेटला. रथ जुन्या गल्लीतून जावा हा परंपरेचा मार्ग. पण गावाबाहेरच्या प्लॉटांवर नवी गल्ली वाढली होती, तिथला रस्ता रुंद होता आणि त्या पोरांनी वर्गणीही भरपूर दिली होती. रथ आमच्याकडून गेला पाहिजे, नाहीतर आमचा एकही माणूस दोराला हात लावणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. जुनी गल्ली हक्काचा मुद्दा सोडायला तयार नव्हती. पीएसआय येऊन गेले, शांतता समितीची बैठक झाली, पत्रिकेतल्या पहिल्या पानावरचे सगळे मान्यवर तिथे बोलले आणि प्रत्येकाच्या बोलण्याने वाद थोडा वाढला. कोण कोणत्या भावकीचा, कोण कोणाच्या मतांवर निवडून आला, हे ऐकणाऱ्यांना पाठ होते.

शेवटी तोडगा निघाला तो एका निवृत्त हवालदारांकडून. मराठा लाइट इन्फंट्रीतून ते निवृत्त होऊन आले होते, थोडी शेती होती, दोन म्हशी होत्या. पत्रिकेत त्यांचे नाव कुठेही नव्हते. म्हणजे सेनाविषयक मानविशेष, जो घटनेनेही मान्य केला आहे, तो त्यांच्याकडे होता; पण गावात त्यांची ओळख निराळ्याच गोष्टीसाठी होती. गावात कुठेही मयत झाले, की पहिला माणूस ते पोहोचत. बांबू, दोरी, मडके, गोवऱ्या यांची जुळवाजुळव करायची, परगावच्या पाहुण्यांना फोन लावायचे, डॉक्टरांचा दाखला आणायला पोर पाठवायचे, चूल न पेटलेल्या घरात शेजारून चहा पोहोचवायचा. जो खर्च होई तो ते वहीच्या एका पानावर लिहून ठेवत आणि रक्षाविसर्जनानंतर ते पान घरच्या कर्त्या माणसाच्या हातात देत. ज्या घरातला कर्ता माणूसच गेला असेल त्या घरात ते पान देत नसत. आणि हे ते गावच्या प्रत्येक गल्लीत करत, ज्या वस्तीत कमिटीतले निम्मे लोक पाणी प्यायलाही जात नाहीत त्या वस्तीतही करत.

ते त्या बैठकीत शेवटी उभे राहिले आणि जे बोलले ते चार वाक्यांत संपले. “रथ जुन्या वाटेनंच जाऊ दे. तुमच्या कोपऱ्यावर थांबंल. तुमच्या बायकांच्या ओट्या भरून झाल्याबिगर हलणार न्हाई. आणि तारा उचलायला दोन्ही गल्लीची धा-धा पोरं पाहिजेत, ती आत्ताच सांगा.” रथाचा कळस उंच असतो, हेस्कॉमचे लाईनमन वीज बंद करतात, तरी तारा बांबूंनी वर उचलून धराव्या लागतात, हे आपल्याला माहीत आहे. वाद कोणत्या वाटेचा हे बाजूला राहिले आणि पोरे नावे सांगू लागली. यात्रा झाली, देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, विराजमान झाली, आणि त्या कोपऱ्यावर रथ पाऊण तास उभा होता.

मी नंतर नव्या गल्लीच्या म्होरक्या पोराला विचारले, की बाबा, तू पीएसआयचे ऐकले नाहीस, अध्यक्षांचे ऐकले नाहीस, यांचेच का ऐकलेस? तो म्हणाला, “सर, आमच्या आईला न्यायच्या राती पावसात गोवऱ्या भिजल्या होत्या. मामांनी त्यांच्या गोठ्यातल्या आणल्या. त्यांच्यासमोर मी काय बोलणार?” माझ्या आजच्या विषयाचे सगळे सार या उत्तरात आले आहे, आणि पुढे मी जे सांगेन ते याचेच स्पष्टीकरण आहे.

पण हकिकत इथे संपली नाही आणि खरी गोष्ट पुढेच आहे. पुढच्या वर्षी गावातल्या एका मंडळाने हवालदारांचा जाहीर सत्कार केला: शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि ‘समाजभूषण’ असे मानपत्र. त्यांनी तो साधेपणाने स्वीकारला, त्यात गैर काहीच नव्हते. त्यानंतर मात्र दुसऱ्या गल्लीने आपलाही एक समाजभूषण असावा असे ठरवले. मग तिसऱ्या गल्लीने ठरवले. आता तिथे दरवर्षी नावे मागवली जातात, नावांसोबत केलेल्या कामांची यादी आणि छायाचित्रे जोडावी लागतात. मयताच्या घरी खांदा देताना मोबाईलवर फोटो काढून घेणारा माणूस त्या गावात मी पाहिला आहे. हवालदार आजही पूर्वीसारखेच जातात. पण ते जातात तेव्हा आता लोक त्यांच्याकडे किंचित निराळ्या नजरेने पाहतात, हेही त्या यादीसाठीच येतात की काय, अशी. हे नुकसान कोणत्याही पत्रिकेत भरून निघणार नाही.

चांगल्या वागण्याला पदवी करून टाकले, की त्या वागण्याची किंमत कमी होते, असा माझा निष्कर्ष आहे. आणि याचा देशातला सर्वांत मोठा प्रयोग आपल्याच बेळगावात झाला होता, हे मला तुम्हांला आवर्जून सांगायचे आहे. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत, विजयनगर नावाच्या छावणीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. स्वागताध्यक्ष होते गंगाधरराव देशपांडे, आणि त्या वेळची काँग्रेस विहीर आजही आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. या सगळ्याचा अभिमान आपण दरवर्षी व्यक्त करतो. पण त्या अधिवेशनाने काँग्रेसच्या सभासदत्वाबद्दल जे ठरवले त्याच्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. तोपर्यंत चार आणे वर्गणी भरली की माणूस काँग्रेसचा सभासद होई. बेळगावात ठरले, की चार आण्यांऐवजी सभासदाने दरमहा दोन हजार वार सूत द्यावे आणि पक्षाच्या कार्यक्रमांत खादी वापरावी.

या कल्पनेची भव्यता लक्षात घ्या. एका संघटनेने आपल्यातले स्थान पैशावर, जन्मावर किंवा शिक्षणावर न ठरवता रोज हाताने केलेल्या कामावर ठरवायचे म्हटले. वकील असो, जमीनदार असो, शेतमजूर असो, दोन हजार वार म्हणजे दोन हजार वार. ज्या देशात सूत कातणे हे गरीब बायकांचे काम मानले जात होते, तिथे बॅरिस्टरांना चरख्यापुढे बसवणारा हा ठराव होता. पण त्याच ठरावात एक फटही ठेवलेली होती: आजारपण, अनिच्छा किंवा तत्सम कारण असेल, तर दुसऱ्याने कातलेले तेवढेच सूत दिले तरी चालेल. झाले असे, की ज्यांना पद हवे होते त्यांना सूत विकत मिळू लागले. सप्टेंबर १९२५ मध्ये, म्हणजे वर्षही पुरते होण्याआधी, पाटण्याच्या बैठकीत चार आण्यांचा पर्याय परत आणावा लागला. गांधीजींच्या हयातीत, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, गांधीजींनी मनापासून मांडलेली गोष्ट जर वर्षभर टिकली नाही, तर आपल्या गल्लीतल्या समाजभूषणांची काय कथा? माणसे वाईट होती म्हणून ते फसले, असे मी मानत नाही. हुदलीसारख्या गावात गंगाधररावांनी खादीचे काम पुढे कित्येक वर्षे चालवले आणि १९३७ साली गांधीजी तिथे येऊन राहिले. म्हणजे चरखा टिकला. टिकला नाही तो चरख्यावर बसवलेला हुद्दा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे आहेत, आणि जे मुद्दे मी मुख्य म्हणून योजले होते ते अजून बाकीच आहेत, तेव्हा ते थोडक्यात मांडतो.

समाजशास्त्राने या बाबतीत काय म्हटले आहे, ते आधी. राल्फ लिंटन या मानवशास्त्रज्ञाने १९३६ साली स्थानाचे दोन प्रकार सांगितले, जन्माने लाभलेले आणि कर्तृत्वाने मिळवलेले. पाठ्यपुस्तकांत आपण तेच शिकवत आलो. त्यात एक उणीव राहते, कारण मिळवलेले स्थान एकदा मिळवले की ते मिळालेच, असे त्यातून सूचित होते. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५६ साली, म्हणजे आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला त्याच वर्षी, एका रुग्णालयाच्या वॉर्डांतले रोजचे वागणे पाहून निराळा विचार मांडला. माणसाची प्रतिमा एकट्याच्या हातात नसते. तिचा एक भाग तो आपल्या वागण्यातून उभा करतो आणि दुसरा भाग समोरच्याने दाखवलेल्या आदरातून पुरा होतो, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. हवालदारांचे उदाहरण त्यात चपखल बसते.

पण इथेच सर्वांत मोठी अडचण आहे, आणि ती टाळून मी गेलो तर हे व्याख्यान अप्रामाणिक होईल. रोजच्या वागण्यातून मान मिळतो हे खरे असेल, तर रोजच्या वागण्यातूनच तो नाकारलाही जातो, आणि आपल्या समाजाने हे शतकानुशतके केले आहे. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. तिथे शिपाई त्यांच्या टेबलावर कागदपत्रे लांबून फेकत, पिण्याला पाणी मिळत नसे, राहायला जागा मिळेना, आणि ज्या पारशी खाणावळीत ते उतरले तिथूनही त्यांना हाकलले गेले. तिथे त्यांच्या वागण्यात काय उणे होते? काहीही नाही. समोरच्याने आदर द्यायचाच नाही असे ठरवले, की चांगले वागणे तोकडे पडते आणि पदवीही तोकडी पडते. एप्रिल १९२५ मध्ये ते निपाणीला बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले, तेव्हा लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी त्यांच्या नावाशी जोडली गेली होती. मंडपात जमलेल्या हजारो माणसांना त्या पदव्यांत काय दिसले असेल, याची कल्पना आम्हा सवर्ण घरांत वाढलेल्या लोकांना सहज येत नाही. त्यांच्यासाठी ती सजावट नव्हती. नाकारता येणार नाही असा तो लेखी पुरावा होता.

याच्या उलट बाजूने पाहायचे तर कोल्हापूर आपल्याला जवळ आहे. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन, सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींसह चहा घेतला. महाराजांकडे छत्रपती हे पद होते, हुकूम काढण्याचा अधिकार होता, त्यांनी हुकूम काढलेही. तरी लोकांच्या तोंडी शंभर वर्षे राहिला तो चहा, कारण त्यात अधिकाराच्या माणसाने ज्याला समाज काहीच देत नव्हता त्याच्या हातून काहीतरी घेतले.

सीमाभागापुरता एक मुद्दा. आपल्यापैकी अनेकांना सरकारी कचेरीत भाषेमुळे अपमानाचा अनुभव आला आहे आणि त्याबद्दल आपण बोलत राहिले पाहिजे. त्याचबरोबर, उताऱ्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या एका मराठी म्हाताऱ्याला, “अज्जा, कुंद्री,” म्हणजे ‘आजोबा, बसा’, असे म्हणून आपली खुर्ची देणारा आणि त्याचा कन्नड अर्ज स्वतः भरून देणारा कारकूनही मी पाहिला आहे. त्या कारकुनाच्या टेबलावर नावाची पाटीसुद्धा नव्हती. त्या खिडकीवर आमच्या गावच्या लोकांत त्याला जो मान आहे, तो वरच्या कोणत्याही साहेबाला नाही. भाषेचा हक्क हा न्यायाचा प्रश्न आहे, तो न्यायालयात आणि रस्त्यावर लढला जाईल. पण समोरच्या माणसाला बसायला सांगणे कोणत्याही निकालाची वाट पाहत नाही.

शेवटचा मुद्दा प्रश्नोत्तरांत येईलच, म्हणून आधीच सांगतो. मग आमच्या मुलांनी पदव्या घ्यायच्या नाहीत का, असे मला दरवेळी विचारले जाते. घ्यायच्या, आणि शक्य तेवढ्या मोठ्या घ्यायच्या. पण पदवी कोणाच्या नावाला लावायची आणि कोणाच्या नावाची गाळायची, यात आपण आज जे करतो ते बरोबर उलटे आहे. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन डॉक्टर आहेत. एक गावातल्या मोठ्या घरातले. त्यांना सगळे ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात. दुसरी डॉक्टर त्याच गावातल्या पौरकार्मिकाची, म्हणजे सफाई कामगाराची, मुलगी. बेळगावला नोकरीला जाणाऱ्या बापाने पहाटे रस्ते झाडून तिला शिकवले. तिच्याकडे नाडी दाखवायला येणारी थोर मंडळी रुग्णांच्या रांगेसमोर तिला लहानपणच्या नावाने, ‘अगं’ म्हणून हाक मारतात, आणि विचारले तर ‘आमच्या डोळ्यांसमोर वाढलेली पोर आहे’ म्हणून सांगतात. शेजारच्या खोलीतले डॉक्टरसाहेबही त्यांच्याच डोळ्यांसमोर वाढलेले आहेत. तिथे औषध घ्यायला जाल तेव्हा दार ढकलण्याआधी ‘डॉक्टर, आत येऊ का?’ असे विचारा, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारा.